आईच्या कानाला चालेल असा साउंडबार

शेजारीण दुपारी तीनच्या सुमाराला आली, दारातच उभी राहिली आणि आत दिवाणावर बसलेल्या माझ्या आईकडे बघत तिने स्वतःच्या कानशिलापाशी बोट फिरवलं. मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "आजींचं जरा वाढलंय का हो? टीव्ही दिवसभर एवढा मोठा असतो. आणि परवा मी विचारलं, जेवलात का, तर म्हणाल्या, हो, सकाळीच आला होता."

बाई तशी वाईट नाही. तिच्या मुलाची दहावी होती आणि आमच्या दोन फ्लॅटच्या मधली भिंत पापडासारखी आहे. मी माफी मागितली, टीव्हीचा आवाज कमी केला. आई तिच्याकडे बघून छान हसली. ती गेल्यावर आईने मला विचारलं, काय म्हणत होती ती. मी म्हटलं, काही नाही.

हे 'काही नाही' मी तेव्हा दिवसातून कितीतरी वेळा म्हणत असे. टीव्हीवर कोणी रडायला लागलं, आईने विचारलं काय झालं, तर काही नाही. भावाचा फोन आला, मी पाच मिनिटं बोलले, तिने विचारलं काय म्हणतो, तर काही नाही. सगळं पुन्हा मोठ्याने सांगायचा कंटाळा, दुसरं काही नाही. आज मला त्या दोन शब्दांची एवढी चीड येते की वर्गात एखाद्या मुलाने ते उच्चारले तरी मी त्याला उभं करते.

माझी आई वडखळच्या पलीकडची, खाडीकाठची. पंचवीस-तीस वर्षं तिने मिठागरात काम केलं. बांधावरून डोक्यावर टोपल्या वाहिल्या, अनवाणी पायांनी मीठ ओढलं. त्या उघड्या रानात एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या बाईशी बोलायची तिची सवय, त्यामुळे तिचा स्वतःचा आवाज अजून खणखणीत आहे. वडील गेले, गुडघे गेले, मग गावचं घर बंद करून ती आमच्याकडे आली. थोडे दिवस पेणला भावाच्या बंगल्यात, बाकीचे रोह्याला माझ्याकडे. रोह्याला म्हणजे लगतच्या वरसे गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. मी शाळेत विज्ञान शिकवते. नवरा कंपनीत, तीन शिफ्ट. तो नाईट करून आला की दिवसभर आतल्या खोलीत झोपलेला असतो आणि बाहेरचा हॉल दहा बाय बाराचा. म्हणजे टीव्हीचा आवाज हा आमच्या घरात रोजचाच तंटा.

आधी आमच्याकडे तो जुना, मागे पोट सुटलेला टीव्ही होता. पडद्याच्या दोन्ही बाजूंना त्याला जाळीचे कान होते, आवाज सरळ समोर यायचा. तो बिघडला तेव्हा भावाने दिवाळीला नवा आणून दिला. पातळ, भिंतीला चिकटणारा, देखणा. आम्ही तो शोकेसच्या खणात ठेवला. आणि त्याच हिवाळ्यात घरात बोललं जायला लागलं की आई आता विसरते, आईला संदर्भ लागत नाही, आई भलतीकडेच हसते. भाऊ म्हणाला, वय झालं. नवरा म्हणाला, वय झालं. मीही म्हटलं, वय झालं.

मी आठवीला ध्वनीचा धडा शिकवते. आवाज कुठून निघतो, कशावर आपटतो, कुठे जिरतो, हे फळ्यावर बाण काढून दाखवते. आणि माझ्या घरात तो टीव्ही पाठीमागच्या दोन फटींतून शोकेसच्या फळीवर बोलत होता, हे मला वर्षभर दिसलं नाही.

शेजारीण येऊन गेली त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा आईशेजारी दिवाणावर बसले, हातात काही काम न घेता, आणि टीव्हीचा आवाज शेजारधर्माला शोभेल एवढा ठेवून एक मालिका बघितली. माझे कान चांगले आहेत. तरी मला निम्मं कळलं नाही. मागचं संगीत अंगावर येत होतं आणि माणसं उशीत तोंड खुपसून बोलावं तशी बोलत होती. एक बाई दुसरीला काहीतरी भयंकर सांगून निघून गेली. आईने माझ्याकडे बघितलं. मला सांगता आलं नाही, कारण मलाच ऐकू आलं नव्हतं. आणि आम्ही ह्या बाईला विसराळू ठरवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी सुट्टी काढून मी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासणी केली, कागदावर उतरता आलेख काढला आणि मला समजावून सांगितलं. जाड आवाज तिला बऱ्यापैकी येतात. बारीक आवाज, म्हणजे स, श, त, क असली अक्षरं, गळून पडतात. "त्यांना आवाज ऐकू येतो," डॉक्टर म्हणाले, "शब्द ऐकू येत नाहीत." डोक्याचं काही नाही, असंही म्हणाले. कानातलं मशीन लिहून दिलं, आणि टीव्हीसाठी स्पीकर समोर, जवळ ठेवा म्हणाले. हे सगळं ते माझ्याकडे बघून बोलत होते. आई शेजारच्या खुर्चीवर बसून आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. बाहेर आल्यावर मी रिक्षा स्टँडवर तिला सगळं मोठ्याने, एकेक शब्द तोडून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "ता मना ठाव हाय. तुमीच सांगता, माजा डोका गेला."

मशीन तिने मन लावून वापरलं. बँकेत, देवळात, दवाखान्यात ते कामाला आलं. पण घरात डोक्यावरून पदर आला की ते शिट्टी मारायचं, आणि टीव्हीपुढे बसलं की संगीतही तेवढंच मोठं व्हायचं. म्हणून मी ठरवलं, टीव्हीला साउंडबार घ्यायचा. छोटा, शोकेसच्या खणात मावेल असा, आणि आमच्या ऐपतीतला.

मी भावाला फोन करून सांगितलं. पेणला त्याच्या हॉलमध्ये दोन उभे खांब, एक भलामोठा डबा आणि मागे दोन असा सगळा संच आहे. तो लावला की खिडकीच्या काचा थरथरतात आणि पाहुणे वा वा करतात. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. "तिच्या कानांसाठी बार कसला घेतेस? आवाज वाढव की. ती काय, चित्रं बघत बसते." त्याच्या बोलण्यात प्रेमाचा अभाव नव्हता, हेच जास्त टोचलं. तो तिला दर आठवड्याला फळं पाठवतो. तिला काही कळत असेल, एवढंच फक्त त्याच्या मनात येत नव्हतं.

मग माझा शोध सुरू झाला, आणि संतापही. रोह्यातल्या दुकानात गेले तर तिथे लग्नाच्या वरातीत चालतील असे रंगीत दिव्यांचे स्पीकर रांगेने उभे. दुकानदार मला वॅट सांगत होता. मी विचारलं, ह्यातून बोलणं स्पष्ट येतं का. तो म्हणाला, मॅडम, बिल्डिंग हलेल. मला बिल्डिंग हलवायची नव्हती. मोबाइलवर आठवडाभर लोकांचे अभिप्राय वाचले. प्रत्येकाने लिहिलेलं, बास जबरदस्त. घरात युद्ध चालू असल्यासारखं वाटतं. विमान डोक्यावरून जातं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बातम्या कळतात का, हे कोणी लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी काढलेला तो उतरता आलेख माझ्या पर्समध्ये होता. आईला जो जाड आवाज आधीच पुरेसा येतो, तोच सगळं जग तिला आणखी विकायला निघालं होतं.

एवढं वाचून माझ्या लक्षात आलं की काही छोट्या बारना बोलण्यासाठी वेगळं बटण असतं, ते दाबलं की माणसांचा आवाज पुढे येतो आणि बाकीचं मागे सरतं. ते प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय घ्यायचं नाही असं मी ठरवलं. पेणला एक मोठं दुकान आहे, तिथे सगळे लावून दाखवतात असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जायचं ठरलं. मी आईला म्हटलं, तू थांब, मी घेऊन येते. ती पिशवी भरून दारात उभी राहिली.

"कान माजं," ती म्हणाली. "तू काय ऐकशील?"

आम्ही एसटीने गेलो. हायवेवर बस आपटत होती आणि आई प्रत्येक आपट्याला गुडघा धरत होती, पण कुरकुरली नाही. माझ्या पर्समध्ये कागदावर मापं लिहिलेली होती. खणाची रुंदी, खोली, आणि टीव्हीच्या पायांमधलं अंतर, सगळं टेपने मोजून.

दुकान थंडगार होतं. आई लुगडं नेसलेली, पायात रबरी स्लीपर, हातात पिशवी. चाळिशीचा एक विक्रेता पुढे आला, माझ्याशी अतिशय अदबीने बोलला आणि आईकडे न बघता म्हणाला, आजींना तिकडे पंख्याखाली बसवा. मी सांगितलं की ऐकणारी तीच आहे, तर तो समजूतदारपणे हसला आणि मला सगळ्यात मोठ्या संचाकडे घेऊन गेला. खाली ठेवायचा डबा, वर लांबलचक बार. मी कागद काढून म्हटलं, हा माझ्या खणात मावणार नाही. तो म्हणाला, शोकेस बदलून घ्या, सगळे बदलतात. मी म्हटलं, खोली दहा बाय बाराची आहे. तो म्हणाला, मग तर आणखी मजा येईल.

त्याने गाणं लावलं. माझ्या छातीत ठोके पडायला लागले. पंख्याखाली बसलेल्या आईने दोन्ही हात कानांवर घेतले. विक्रेता ते बघून मला म्हणाला, आणि हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही, "आजींना तसंही काय कळणार आहे, मॅडम. तुम्ही तुमच्यासाठी चांगली वस्तू घ्या."

मी वीस वर्षं वर्गात उभी आहे, आवाज कसा लावायचा मला माहीत आहे. पण त्या क्षणी मला शब्द सुचेनात. कारण तो जे म्हणत होता ते परकं नव्हतं. ते भाऊ म्हणाला होता, शेजारीण बोटाने म्हणाली होती, आणि मी दिवसातून दहादा दोन शब्दांत म्हणत होते. मी एवढंच म्हटलं, "त्यांना काय कळतं ते त्यांनाच विचारा. समोर जाऊन, तोंडाकडे बघून, सावकाश."

तो थोडा ओशाळला, पण गेला. माणूस मुळात बेरका नव्हता, म्हाताऱ्या माणसालाच थेट विचारायची त्याला सवय नव्हती. आईसमोर जाऊन त्याने विचारलं, आजी, तुम्हाला काय ऐकायचंय. आईने हे ऐकलं, कारण तो समोर होता.

"मना मानसाचा बोलना ऐकाचा हाय," ती म्हणाली. "गाना नको. धमधम तर नकोच."

मग तिने जे केलं ते मी सुचवलेलं नव्हतं. तिने प्लॅस्टिकची खुर्ची उचलायला लावली, टीव्हीपासून आमच्या हॉलएवढ्या अंतरावर ठेवून घेतली, आणि टीव्हीकडे पाठ करून बसली. ओठ बघून कळायला नको म्हणून, हे मला नंतर उमगलं. कानातलं मशीन काढून तिने पिशवीत टाकलं. तिला बायकांच्या स्वयंपाकाचा एक कार्यक्रम आवडतो, त्यात एक बाई गावोगावी जाऊन तिथल्या घरातल्या बाईकडून पदार्थ शिकते. तो लावा म्हणाली. विक्रेत्याने मोबाइलवरून शोधून लावला.

आधी मोठा संच. आई बराच वेळ ऐकत राहिली आणि मान हलवून म्हणाली, बाई बोलते हाय, काय बोलते ठाव नाय. मग दुसरा, मधला. त्यात तिला 'तेल' आणि 'गावात' एवढं आलं. तिसरा तर चकचकीत होता, त्यात काहीच आलं नाही. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आता थांबून बघत होती. मला लाज वाटायला हवी होती, पण मला अभिमान वाटत होता, आणि त्याबरोबर रागही, की सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपलं डोकं शाबूत आहे हे भर दुकानात पाठ करून बसून सिद्ध करावं लागतं.

चौथा खालच्या फळीवर होता, हातभर लांबीचा, साधा काळा. विक्रेता म्हणाला, हा आम्ही फारसा दाखवत नाही, ह्यात बास नाही. मी म्हटलं, हाच लावा, आणि बोलण्याचं बटण दाबा. त्यालाही ते बटण रिमोटवर शोधावं लागलं. दाबलं, आणि कार्यक्रमातली बाई एकदम दोन पावलं पुढे आल्यासारखी झाली. ती सांगत होती की आधी जिताडा माशाचे तुकडे मसाल्यात परतून घ्या, मग पाणी घाला.

आईची पाठ ताठ झाली. ती तशीच, पाठमोरी, मोठ्याने म्हणाली, "जितारा परतते? तुकडं मोरतील ना त्याचं. पानी उकलला का मंग सोराचा."

दुकानातले सगळे हसले. का हसताय म्हणून आई मागे वळली. आणि तो विक्रेता, त्याने टीव्ही थांबवला, आईसमोर गुडघे वाकवून बसला आणि म्हणाला की त्याची आईपण असंच करते, पाणी उकळल्यावर सोडते. तो पेणच्याच खाडीकडचा निघाला. घरी त्याच्या आईलाही ऐकू कमी येतं, असं तो मला बिल करताना म्हणाला. मी विचारलं, मग तिला तुम्ही कुठला लावून दिलाय. तो मान खाली घालून बिलावर शिक्का मारायला लागला. मला त्याला टोचायचं नव्हतं, पण टोचलं असेल तर टोचू दे, असंही वाटलं.

बार मापात बसला, तरी घरी आणल्यावर भानगड झालीच. तो टीव्हीपुढे ठेवला तर टीव्हीचा खालचा लाल ठिपका झाकला जाऊ लागला आणि रिमोट चालेना. माहितीपत्रकात हे कोणी लिहीत नाही. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी सागवानी पट्टीचे दोन तुकडे कापून टीव्ही दोन बोटं उचलला. टीव्हीच्या मागे योग्य भोक शोधून वायर लावली, टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद केला. आवाजाचा आकडा आधीच्या निम्म्यावर आला. शेजारीण जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, आजी गावाला गेल्या का, शांत आहे. मी म्हटलं, नाही, आत बातम्या ऐकतायत, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलाल तर समोर उभं राहून बोला. तिने मान डोलावली. पुढे तिने तसं केलंही.

हे इथेच संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

आईची एक धाकटी बहीण आहे, माझी मावशी. दोघी एकाच मिठागरात कामाला होत्या, एकाच गावात दिलेल्या. गेल्या गणपतीनंतर मावशी गाव सोडून उरणला लेकीकडे राहायला गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं झालं नव्हतं. फोनवर आईला ऐकू येत नसे, आणि मावशीला वाटायचं, हिला बोलायचंच नाही. साउंडबार आल्यानंतर महिन्याभराने मावशीच्या नातीने माझ्या मोबाइलवर मावशीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला, आजीला ऐकवा म्हणून. मोबाइल बारला जोडता येतो हे मला एव्हाना कळलं होतं. मी जोडला. आई दिवाणावर लसूण सोलत बसली होती. आणि मावशीचा आवाज आमच्या हॉलमध्ये आला, स्वच्छ, शेजारच्या खुर्चीवर बसल्यासारखा.

आईने लसूण खाली ठेवला.

मावशीने आधी गुडघ्यांची, सुनेची, भाताची चौकशी केली. मग म्हणाली, "बाय, मी आयलू व्हतू गनपतीन, तुना भेटाला. तुजे पोरान सांगला, तिला कुनाची वलख नाय. मी दारानशी बगला नि गेलू. तू निजलेली व्हतीस. मना वाटला, आता तू मना बाय बोलाची नायस."

पुढेही ती बोलत होती, पण मला ऐकू आलं नाही. कारण तो दिवस मला आठवत होता. भावाच्या पेणच्या बंगल्यात गणपती होते, मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. मावशी आली ते मी ऐकलं. भाऊ तिला म्हणाला, ती ओळखत नाही आता कोणाला, उगाच तुलाच त्रास होईल, ते मी ऐकलं. मला माहीत होतं की हे खरं नाही. सकाळीच आईने मला उकडीत मीठ कमी आहे म्हणून झापलं होतं. तरी मी बाहेर येऊन बोलले नाही. घरात पाहुणे होते, भावाचं घर होतं, कशाला वाद, असं काहीतरी मनाशी म्हटलं. मावशी चहा पिऊन गेली. संध्याकाळी आईने विचारलं, कोण आलं होतं. मी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

आवाज संपल्यावर आई माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि तिला सगळं सांगितलं, मी तेव्हा आत होते हेही. मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, भावाला बोलाव.

भाऊ रविवारी आला, फळं घेऊन. आल्या आल्या मला विचारलं, हिची तब्येत कशी आहे. आई मधेच म्हणाली, "मी हतंच हाय. मना विचार." तो हसला आणि पुन्हा माझ्याकडेच वळला, तेव्हा तिने त्याला समोरच्या खुर्चीवर बसायला लावलं आणि मला मावशीचा निरोप पुन्हा लावायला सांगितला. मी लावला. तो ऐकत असताना मी त्याच्याकडे बघितलं नाही. संपल्यावर तो म्हणाला की त्याने तिच्या भल्यासाठीच केलं, मावशी रडली असती, हिचं बीपी वाढलं असतं. मग मी बोलले. एवढ्या महिन्यांचं साचलेलं बोलले, आणि ते सगळं त्याला उद्देशून नव्हतं. भल्यासाठी, काळजीपोटी, त्रास नको म्हणून, अशा गोड नावांखाली आपण एका शाबूत बाईला तिच्या बहिणीपासून तोडलं. मिठागरातल्या मुकादमाचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला आपण चित्रं बघणारं पोर केलं. तिला ऐकू येत नव्हतं, आणि आपल्याला मोठ्याने बोलायचा कंटाळा होता. त्या कंटाळ्याला आपण तिच्या डोक्याचा आजार म्हणालो. भाऊ म्हणाला, हळू बोल, शेजारी ऐकतील. मी म्हटलं, ऐकू देत.

तो रागावून गेला. जाताना आईच्या पाया पडला नाही, असं पहिल्यांदाच झालं. आठ दिवस त्याचा फोन नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं, पण बोलले ते परत घ्यावंसं वाटलं नाही.

नवव्या दिवशी तो गाडी घेऊन आला. आईच्या समोर उभा राहिला आणि मोठ्या, अवघडलेल्या आवाजात म्हणाला, "आई, मावशीकडे जायचं ना? चल." गाडीत आई पुढे बसली, त्याच्या शेजारी. उरणपर्यंत तो फारसं बोलला नाही, पण जे बोलला ते तिच्याकडे मान वळवून.

मावशी ओट्यावर बसलेली होती. आई उतरली तेव्हा ती उठली नाही, खात्री नसल्यासारखी बघत राहिली. आईने काठी भिंतीला लावली, तिच्यासमोर गेली आणि तिला तिच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मग दोघी कितीतरी वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. मावशीलाही आता कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघी एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलावं तशा बोलत होत्या आणि सगळी आळी ऐकत होती. मिठागराचं, मेलेल्या माणसांचं, मुकादमाच्या बायकोचं. भाऊ बाहेर गाडीशी उभा होता. मावशीनेच त्याला आत बोलावून पाणी दिलं. गणपतीतला विषय तिने काढला नाही. आईनेही काढला नाही. मला तो विषय निघावासा वाटत होता, भावाने माफी मागावी असं वाटत होतं, मीही मागावी असं वाटत होतं. मी मागितली, चहाचे कप धुताना, मावशीशेजारी मोरीपाशी उभी राहून. तिला ती नीट ऐकू आली का, मला माहीत नाही. तिने ओल्या हाताने माझी पाठ थोपटली आणि कप कुठे ठेवायचे ते दाखवलं.